'डॉक्टरांनी सांगितलं होतं' एवढं उत्तर पुरत नाही

संध्याकाळ उलटून गेली आहे, वॉर्डात एकच नर्स आहे. फोन वाजतो. पलीकडचा आवाज म्हणतो, मी डॉक्टर स्मिथ. अमुक रुग्णाला ॲस्ट्रोटेन २० मिलिग्रॅम द्या, मी दहा मिनिटांत पोचतो, आल्यावर सही करतो. या डॉक्टरला तिने कधी पाहिलेलं नाही. औषधाच्या कपाटात ती डबी मात्र आहे. वर छापलंय: नेहमीचा डोस ५ मिलिग्रॅम, दिवसाला जास्तीत जास्त १०.

चार्ल्स हॉफलिंग या मानसोपचारतज्ज्ञाने सहकाऱ्यांसह केलेला हा प्रयोग १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टर नकली होता, औषधही नकली. फोनवरून ऑर्डर घ्यायला रुग्णालयात बंदी होती, औषध मंजूर यादीत नव्हतं, डोस कमाल मर्यादेच्या दुप्पट होता. तरी २२ पैकी २१ नर्स औषध काढून रुग्णाच्या खाटेकडे निघाल्या. वाटेत त्यांना थांबवलं गेलं म्हणून प्रत्यक्षात कुणाला काही दिलं गेलं नाही. याच प्रयोगाचा एक भाग सहसा कुणी सांगत नाही. काही नर्सना आणि विद्यार्थिनींना नुसतं विचारलं होतं: असा फोन आला तर तुम्ही काय कराल? १२ नर्सपैकी १० जणींनी सांगितलं, औषध देणार नाही. २१ विद्यार्थिनींपैकी तर एकीनेही 'देईन' म्हटलं नाही.

म्हणजे बरोबर काय ते सगळ्यांना माहीत होतं. नीतीचा पाठ कच्चा नव्हता. कच्चं होतं ते दुसरंच काहीतरी, आणि नर्सच्या जबाबदारीबद्दल बोलताना आपण नेमकं तेच वगळतो. परिसंवादांत, शपथविधीच्या भाषणांत, चौकशी समित्यांच्या अहवालांत नर्सला सांगितलं जातं की तू सजग राहा, प्रश्न विचार, चुकीची ऑर्डर पाळू नकोस. हे योग्यच आहे. पण प्रश्न विचारल्यावर तिचं काय होणार, याची जबाबदारी कोण घेतं? माझं म्हणणं एवढंच आहे की 'नाही' म्हणणं हे नर्सचं कायदेशीर कर्तव्य असेल, तर त्या 'नाही'ला संरक्षण देणं हेही रुग्णालयाचं तितकंच कायदेशीर कर्तव्य असलं पाहिजे. आज पहिलं पुष्कळ ठिकाणी आहे. दुसरं बहुधा नर्सच्या हिमतीवर सोडलेलं आहे.

कायद्याने हे कर्तव्य नर्सवर कसं टाकलं ते आधी बघू. १९६० मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १८ वर्षांच्या एका विद्यार्थ्याचा फुटबॉल खेळताना पाय मोडला. रुग्णालयात प्लास्टर घातलं. थोड्याच वेळात बोटं सुजली, काळवंडली, पुढे गार पडली, त्यांतली संवेदना गेली. मुलगा वेदनेने तळमळत होता. अखेर पाय गुडघ्याखाली कापावा लागला. 'डार्लिंग विरुद्ध चार्ल्सटन कम्युनिटी मेमोरियल हॉस्पिटल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात १९६५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयाला जबाबदार धरणारा निकाल कायम केला. नर्सना लागू पडणारा त्यातला भाग थोडक्यात असा: पायातला रक्तप्रवाह पुरेशा वेळा तपासणं हे नर्सचं काम होतं. धोका दिसताच डॉक्टरांना कळवणं हेही काम. आणि डॉक्टरांनी कळूनही काही केलं नाही, तर रुग्णालयाच्या प्रशासनाला कळवणं हेसुद्धा तिचंच काम.

हे शेवटचं वाक्य साधं दिसतं, पण त्याने या पेशाचा पायाच हलवला. 'मी डॉक्टरांना सांगितलं होतं' आणि 'डॉक्टरांनी सांगितलं म्हणून केलं' ही दोन्ही उत्तरं त्याने अपुरी ठरवली. नर्सच्या कामाची कसोटी डॉक्टरची मर्जी नाही. तेवढंच प्रशिक्षण घेतलेली दुसरी सावध नर्स त्या जागी, त्या वेळी काय करती, ही ती कसोटी आहे.

पेशाच्या स्वतःच्या नीतिशास्त्राला इथवर यायला बराच काळ लागला. १८९३ मध्ये डेट्रॉइटच्या एका नर्सिंग शाळेत लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने जी शपथ तयार केली तिला नाव दिलं फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं. (नाइटिंगेल यांनी ती लिहिलेली नाही, पण नावामुळे पुष्कळांचा तसा समज असतो.) त्या शपथेत डॉक्टरला त्याच्या कामात निष्ठेने साथ देण्याचं वचन आहे. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९५३ मध्ये आपली पहिली आचारसंहिता स्वीकारली. तिच्यातही डॉक्टरच्या ऑर्डरी बुद्धीने आणि निष्ठेने पाळण्याचं बंधन होतं आणि त्याच दमात अनैतिक कृत्यात भाग घ्यायला नकार देण्याचंही. दोन्ही एकाच वाक्यात! प्रत्यक्ष वॉर्डात या दोहोंपैकी कोणतं अर्धवाक्य जड ठरत असेल, हे सांगायला नको. १९७३ च्या सुधारणेत ही निष्ठा गळली आणि नर्सची पहिली बांधिलकी जिला शुश्रूषेची गरज आहे त्या व्यक्तीशी, असं स्पष्ट लिहिलं गेलं. कागदावर ही क्रांतीच होती.

निष्ठा हा वाईट गुण नाही, आणि अडचण तिथेच आहे. टस्कीगी इथला सिफिलिसचा अभ्यास आठवा. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर नजर ठेवली. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. तो काय आहे हे त्यांना नीट सांगितलं गेलं नाही, आणि पेनिसिलिनचा उपाय सर्वमान्य झाल्यावरही तो त्यांच्यापासून दूर ठेवला गेला. डॉक्टर बदलत राहिले. कायम राहिली ती नर्स युनिस रिव्हर्स. ती त्यांना आपल्या गाडीतून तपासणीला न्यायची, घरच्यांची विचारपूस करायची, त्यांच्या सुखदुःखात सामील व्हायची. त्या पुरुषांचा विश्वास तिच्यावर होता, त्या अभ्यासावर नव्हे. तिच्या मायेवाचून तो अभ्यास चाळीस वर्षं टिकला असता असं मला वाटत नाही.

रिव्हर्सला खलनायिका ठरवणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. वंशभेदाने करकचून बांधलेल्या समाजातली ती एक कृष्णवर्णीय बाई. सगळे अधिकार तिच्यावरच्या डॉक्टरांकडे. पण म्हणूनच तिची गोष्ट महत्त्वाची. प्रेमळ असणं, कष्टाळू असणं, रुग्णाला आपलं मानणं या गोष्टी नर्सिंगच्या नीतीला पुरत नाहीत. आपण ज्याचा हात धरलाय त्याला आपण कुठे नेत आहोत, हे विचारण्याचा हक्क आणि ताकद लागते. समाज नर्सचं कौतुक करतो ते बहुतेक वेळा पहिल्या गुणांसाठी. देवदूत, माउली, त्यागमूर्ती. या विशेषणांची मला भीतीच वाटते. देवदूताला पगारवाढ लागत नाही, झोप लागत नाही, आणि देवदूत कधी कुणाविरुद्ध तक्रार करत नाही.

तक्रार केली तर काय होतं? टेक्सास राज्यातल्या विंकलर काउंटीत, एका छोट्या रुग्णालयात वर्षानुवर्षं एकत्र काम केलेल्या दोन नर्स होत्या. एका डॉक्टरच्या उपचारपद्धतीने रुग्णांना धोका आहे असं वाटून २००९ मध्ये त्यांनी राज्याच्या वैद्यक मंडळाला निनावी पत्र लिहिलं. तक्रार जिथे करायची तिथेच केली. वर्तमानपत्रात गेल्या नाहीत. डॉक्टरची आणि तिथल्या शेरीफची, म्हणजे त्या भागाच्या पोलिसप्रमुखाची, मैत्री होती. पत्र कुणाचं हे शेरीफने शोधून काढलं. दोघींची नोकरी गेली आणि त्यांच्यावर सरकारी माहितीचा गैरवापर केल्याचा फौजदारी गुन्हा दाखल झाला, ज्याला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. एकीवरचा आरोप खटल्याआधी मागे घेतला गेला. दुसरीला २०१० मध्ये ज्यूरीने तासाभराच्या आत निर्दोष सोडलं. पुढे चक्र उलटं फिरलं: शेरीफ दोषी ठरला, डॉक्टरने गुन्हा कबूल करून परवाना सोडला.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण शेवटावर खूश होतात. मला त्यात आनंद वाटत नाही. कायद्याने ज्या गोष्टीसाठी नर्सला बांधलंय तीच केल्याबद्दल तिला आरोपीच्या जागी उभं राहावं लागलं, आणि हे सगळ्या वॉर्डांनी पाहिलं. न्याय मिळेपर्यंतच्या काळात किती जणींनी लिहिलेली पत्रं फाडून टाकली असतील, याचा हिशेब कोणत्याही निकालात लिहिला जात नाही.

याउलट २०१७ मधली यूटा राज्यातली ॲलेक्स वुबल्सची घटना. जळालेल्या रुग्णांच्या विभागात एक बेशुद्ध रुग्ण होता. पोलिसाला त्याचं रक्त हवं होतं. रुग्ण अटकेत नव्हता, न्यायालयाचं वॉरंट नव्हतं, आणि बेशुद्ध माणूस संमती देणार कशी? वुबल्सने नियमाचा कागद हातात धरून तो शांतपणे वाचून दाखवला, वरिष्ठांना फोनवर घेतलं आणि नकार दिला. पोलिसाने तिला ओढत बाहेर नेऊन बेड्या घातल्या. चित्रफीत बाहेर आली, पोलिसाची नोकरी गेली, तिला भरपाई मिळाली. लोकांना तिचं धाडस दिसलं. ते होतंच. पण तिच्या हातात लेखी नियम होता आणि फोनवर वरिष्ठ तिच्या बाजूने बोलत होते, हेही त्या चित्रफितीत आहे. हॉफलिंगच्या नर्सकडे यातलं दुसरं नव्हतं.

आता चुकीबद्दल. नकार द्यायला हवा होता आणि दिला नाही, किंवा तपासायला हवं होतं आणि तपासलं नाही, तेव्हा काय करायचं? इथे माझी भूमिका थोडी अडचणीची आहे, कारण सगळ्यांत गाजलेल्या प्रकरणातली नर्स मला निर्दोष वाटत नाही. २०१७ च्या डिसेंबरात टेनेसी राज्यात रॅडोंडा वॉट या नर्सला तपासणीआधी घाबरलेल्या एका वृद्ध रुग्णाला व्हर्सेड हे शांत करणारं औषध द्यायचं होतं. औषधांच्या संगणकीय कपाटात ते नाव सापडेना, म्हणून तिने सुरक्षा वगळण्याचा पर्याय वापरला, पहिली अक्षरं टाकली आणि बाहेर आलं ते व्हेक्युरोनियम, स्नायू लुळे पाडणारं औषध. व्हर्सेड द्रवरूप असतं, हे भुकटीच्या रूपात होतं. झाकणावर धोक्याची सूचना होती. औषध दिल्यावर रुग्णावर लक्षही ठेवलं गेलं नाही. रुग्ण दगावली. इतक्या पायऱ्यांवर थांबता आलं असतं आणि एकाही पायरीवर ती थांबली नाही. परवाना जाणं मला अन्यायाचं वाटत नाही.

पण तिने चूक लपवली नाही. कळताच सांगितली. रुग्णालयाने मात्र ती नियामकांना कळवायला हवी होती, तशी कळवली नाही. मृत्यूची नोंद नैसर्गिक म्हणून झाली, आणि प्रकरण उघड व्हायला निनावी खबर लागली. २०२२ मध्ये गुन्हेगारी निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याबद्दल वॉट दोषी ठरली. तुरुंगाऐवजी तीन वर्षं परिवीक्षा, म्हणजे देखरेखीखाली बाहेर राहण्याची मुभा, मिळाली. म्हणजे जिने सांगितलं ती गुन्हेगार ठरली. ज्यांनी सांगितलं नाही त्यांच्यातलं कुणी आरोपीच्या जागी उभं राहिलं नाही. यातून वॉर्डातल्या नर्सनी काय धडा घ्यायचा? १९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालाने टाळता येण्याजोग्या वैद्यकीय चुकांनी त्या देशात दरवर्षी ४४,००० ते ९८,००० रुग्ण दगावत असावेत असा अंदाज मांडला होता. त्याचा गाभा हा होता की चुका कमी करायच्या तर त्या उजेडात याव्या लागतात, आणि शिक्षेच्या भीतीत त्या उजेडात येत नाहीत. २०२४ मध्ये केंटकी राज्याने प्रामाणिक चुकीसाठी आरोग्य कर्मचाऱ्यांवर फौजदारी कारवाई होऊ नये असा कायदा केला. घोर निष्काळजीपणाला त्यातून सूट नाही. मला ही रेघ योग्य जागी वाटते. मुद्दाम केलेली इजा, नशेत केलेलं काम, खोट्या नोंदी यांसाठी फौजदारी न्यायालय. बाकीच्यासाठी परवाना देणारं मंडळ, भरपाई, आणि रुग्णाच्या घरच्यांसमोर खरं बोलण्याचं बंधन. हे शेवटचं बंधन संस्थेवर आधी, नर्सवर नंतर.

शिक्षेतही उतरंड असते, हे जाता जाता नोंदवायला हवं. इंग्लंडमधल्या लेस्टर इथे २०११ मध्ये दगावलेल्या सहा वर्षांच्या मुलाच्या प्रकरणात एक डॉक्टर आणि एक नर्स, दोघीही दोषी ठरल्या. डॉक्टरच्या बाजूने देशभरातले सहव्यावसायिक उभे राहिले, लोकवर्गणीतून वकील उभा राहिला, आणि २०१८ मध्ये अपील न्यायालयाने तिचं काढून टाकलेलं नाव डॉक्टरांच्या नोंदवहीत परत आणलं. व्यवस्थेतल्या त्रुटींची चर्चा झाली ती या निमित्ताने, आणि ती व्हायलाच हवी होती. बाहेरच्या एजन्सीतून त्या पाळीपुरती आलेली नर्स कायमची बाहेर गेली. तिच्यासाठी व्यवस्थेतल्या त्रुटी कुणाला फारशा आठवल्या नाहीत.

मोठ्या खटल्यांपेक्षा रोजची अनीती बारीक असते. नोंदींचं उदाहरण घ्या. 'लिहिलं नाही म्हणजे केलं नाही' हे वाक्य प्रत्येक नर्सला पहिल्या वर्षीच शिकवतात. त्याचा व्यवहारात होणारा अर्थ मात्र उलटा: लिहिलं की झालं. म्हणून चार्टवर २ ची, ४ ची, ६ ची नाडी आणि रक्तदाब एकाच बैठकीत, एकाच पेनने, संशय येऊ नये इतपत आकडे हलवून भरले जातात. हे खोटं आहे, आणि न्यायालयात असा एक चार्ट पकडला गेला की त्या नर्सच्या बाकी सगळ्या खऱ्या नोंदींवरचा विश्वासही उडतो. पण ती ते का करते? आळस म्हणून करणाऱ्याही असतात. बहुतेक जणी करतात कारण दोन तासांच्या फेरीत जितक्या खाटांपाशी पोचायचं, तितक्या खाटांपाशी दोन पायांनी पोचता येत नाही. भ्रमात असलेल्या म्हाताऱ्या रुग्णाचे हात खाटेला बांधले जातात तेही याच कारणाने. तो नळी उपसून काढेल, पडेल, आणि जवळ बसायला कुणी नाही. बांधणं चूक आहे हे बांधणारीला पक्कं माहीत असतं.

काय करायला हवं ते कळतंय, पण संस्थेची रचनाच ते करू देत नाही, या अवस्थेला अँड्र्यू जेमटन या अभ्यासकाने १९८४ मध्ये नैतिक क्लेश असं नाव दिलं. लिंडा एकिन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. एका नर्सकडे सरासरी एक रुग्ण जास्त असला, की शस्त्रक्रिया झालेला रुग्ण तीस दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसत होती. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्येच नर्स आणि रुग्ण यांचं प्रमाण ठरवणारा कायदा केला होता. २००४ पासून तो अमलात आला. बाकी बहुतेक ठिकाणी किती नर्स ठेवायच्या हा अजून व्यवस्थापनाच्या खर्चाचा प्रश्न मानला जातो, आणि त्या खर्चकपातीचा परिणाम मात्र 'नर्सचा हलगर्जीपणा' या शीर्षकाखाली नोंदवला जातो. ड्यूटीचा तक्ता बनवणारा माणूस साक्षीदार म्हणूनसुद्धा बोलावला जात नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. प्रत्येक नर्स प्रत्येक ऑर्डरवर अडून बसली तर वॉर्ड चालायचा कसा? हृदय बंद पडलेल्या माणसाच्या खाटेशी चर्चासत्र भरवता येत नाही. खरं आहे. डॉक्टरकडे जे शिक्षण आहे ते नर्सकडे नाही, आणि तिचा संशय चुकीचाही असू शकतो. पण शंका विचारणं म्हणजे अडवणूक नव्हे. 'हा डोस मला दुप्पट दिसतोय, बघता का?' या वाक्याला पाच सेकंद लागतात. डॉक्टरकडे शंका फिटेल असं उत्तर असेल तर तेही पाच सेकंदांचं. ज्या वॉर्डात हे वाक्य उच्चारायला धाडस लागतं, तो वॉर्ड आणीबाणीत काही जास्त वेगाने चालत नाही. फक्त चूक झाली की ती उशिरा कळते.

१९७७ मध्ये हॉफलिंगचा प्रयोग दुसऱ्या संशोधकांनी थोडा बदलून पुन्हा केला. या वेळी औषध ओळखीचं होतं, व्हॅलियम, डोस अवाजवी होता, आणि नर्सना सहकाऱ्यांशी बोलायची, चौकशी करायची मोकळीक होती. १८ पैकी बहुतेक जणी थांबल्या. माणसांची जात तीच, पेशा तोच. काळही थोडा बदलला होता, हे मान्य. पण शेजारी विचारायला कुणीतरी होतं, हा फरक माझ्या मते सगळ्यांत मोठा.

टेक्सासमध्ये, जिथे त्या दोघींवर खटला झाला त्याच राज्यात, नर्सला न पेलणारी किंवा नियमबाह्य ड्यूटी दिली गेली तर तिथल्या तिथे लेखी हरकत नोंदवायची सोय कायद्यात आहे. नियमांप्रमाणे ती नोंदवली की त्या ड्यूटीबद्दल नर्सिंग मंडळ तिच्या परवान्यावर कारवाई करू शकत नाही आणि मालक सूड उगवू शकत नाही. सहव्यावसायिकांची समिती प्रकरण पाहते. अशी सोय प्रत्येक रुग्णालयात हवी, आणि ती अर्जाच्या कप्प्यात पडून राहायला नको. ड्यूटीच्या तक्त्यावर रोज एक नाव आणि एक नंबर ठळक अक्षरांत लिहिलेला असावा: आज रात्री कुणाला ऑर्डरबद्दल शंका आली, तर यांना उठवायचं. उठवल्याबद्दल सकाळी कुणी जाब विचारणार नाही. आणि फोन उचलला गेला नाही, तर त्याची नोंद त्या नर्सच्या नव्हे, त्या नावाच्या खात्यावर पडेल.